कामावर मार लागला तर: चिठ्ठी, गोळ्या आणि परत मशीनवर जाण्याआधीचे दिवस

गेवराई, जिंतूर, औसा, हदगाव, कळमनुरी अशा तालुक्यांतून वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा किंवा जालन्याच्या एमआयडीसीत नव्यानं कामाला लागलेल्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. कामावर मार लागला, डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली, तर पुढं काय करायचं हे कुणी नीट बसून सांगत नाही. सुपरवायझरला लाइन चालवायची घाई, दवाखान्यात गर्दी, आणि रूमवरच्या मित्रांना जेवढं ऐकून माहीत तेवढंच. मी वाळूजच्या कडेला मेडिकलच्या काउंटरमागं बसतो. तिथून रोज जे दिसतं त्यावरून एक गोष्ट आधीच सांगतो. गोळीनं दुखणं दबतं. हाड, शीर, कातडी मात्र आपल्या वेळेनंच भरून येतात. हे दोन्ही एकच समजून पोरं तिसऱ्या दिवशी प्रेसवर उभी राहतात आणि बरा होणारा हात कायमचा अधू करून घेतात.

कामाला लागताच, मार लागायच्या आधी

कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं असतील आणि तुमचा पगार महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर तुमचा ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, कापला जायला हवा. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के. ठेकेदाराकडून लागलात तरी हाच नियम. पगाराची स्लिप मागा, दहा आकडी विमा क्रमांक मोबाईलमध्ये ठेवा, त्याचा फोटो घरी पाठवून द्या. "तीन महिने टिकलास तर कार्ड काढू" असं सर्रास सांगितलं जातं. त्यावर विश्वास ठेवू नका. कामावर लागलेल्या मारासाठी आधी किती महिने वर्गणी भरली हे बघितलंच जात नाही; कामाच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क असतो. शंका असेल तर ईएसआयचा मोफत नंबर आहे, १८००-११-२५२६.

एक कागद आणखी तयार ठेवा. त्यावर कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, साखर, बीपी, दमा, फिट, पोटात अल्सर, किडनीचा त्रास यातलं काय आहे, रोजच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत, हे लिहा. बाईमाणूस असेल तर गरोदर आहे का, बाळाला अंगावर पाजतेय का, हेही. हा कागद पाकिटात आधार कार्डाच्या मागं राहू द्या. शुद्ध नसेल तेव्हा तोच तुमच्या वतीनं बोलेल.

पहिला तास

मशीन बंद करायला लावा, रक्त येत असेल तर स्वच्छ कापडानं दाबून धरा, हात वर ठेवा, १०८ ला फोन करा. बोट तुटून पडलं असेल तर ते साध्या स्वच्छ पाण्यानं हलकं धुऊन ओल्या स्वच्छ पट्टीत गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, आणि ती पिशवी बर्फ टाकलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं तर ते गोठून खराब होतं आणि जोडता येत नाही. माणूस आणि बोट, दोन्ही एकाच गाडीतून जाऊ द्या.

भाजलं असेल तर वीस मिनिटं वाहत्या थंड पाण्याखाली धरा. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये तापलेल्या लोखंडाचा चटका बसला की लोक अजूनही टूथपेस्ट, शाई, हळद लावतात. दवाखान्यात आधी ते सगळं खरवडून काढावं लागतं, आणि त्या वेदना वरचढ असतात. काही लावू नका.

जखम मातीची, ग्रीसची, गंजाची असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन विचारून घ्या. शेवटचं घेऊन पाच वर्षं झाली असतील तर अशा घाण जखमेला पुन्हा लागतं.

चिकलठाण्याला ईएसआयचं रुग्णालय आहे, छत्रपती संभाजीनगर शहरात घाटी, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. पण रक्त थांबत नसेल, डोकं फुटलं असेल, हात चिरडला असेल तर जवळचा दवाखाना आधी. कागद नंतर जुळवता येतात.

केसपेपरवर काय लिहिलं जातंय, ते बघा

इथं मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात मोठं नुकसान याच ठिकाणी होतं. दवाखान्यात सोबत आलेला माणूस कानात सांगतो, "रूमवर पडलो म्हण, बाकीचं आपण बघून घेऊ." पोरगं नवीन, परमनंट व्हायची आशा, ते तसंच म्हणतं. डॉक्टर केसपेपरवर 'घरी घसरून पडला' लिहितात. त्या एका ओळीनं ईएसआयमधली कामावरच्या अपघाताची भरपाई अडते. मग ठेकेदार पहिल्या ड्रेसिंगचे पैसे देतो, दुसऱ्याचे देतो, आणि पुढं फोन उचलत नाही.

डॉक्टरांना खरं सांगा. कोणत्या मशीनवर, किती वाजता, कसं लागलं. कंपनीच्या अपघात रजिस्टरमध्ये नोंद करायला लावा आणि त्या पानाचा फोटो घ्या. कामावर येता-जाता झालेला अपघातही, ड्युटीशी त्याचा संबंध दाखवता आला तर, यात धरला जातो. नोंद बरोबर असेल आणि अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम करता येत नसेल, तर डॉक्टर विश्रांती सांगतील त्या दिवसांची भरपाई मिळते, सरासरी रोजंदारीच्या ९० टक्के. साध्या आजारपणात हीच रक्कम ७० टक्के असते. पहिला दाखला, मधले दाखले आणि कामावर जायला हरकत नसल्याचा शेवटचा दाखला, हे तिन्ही ईएसआयच्या डॉक्टरांकडून घ्यायचे. दाखल्याच्या दिवसांत तुम्ही हजेरी लावली तर त्या दिवसांचे पैसे जातात.

जिथं ईएसआय लागूच होत नाही, तिथं नुकसानभरपाई आणि उपचाराचा खर्च मालकानं द्यायचा असतो. १९२३ चा जुना भरपाई कायदा आणि १९४८ चा ईएसआय कायदा हे दोन्ही आता सामाजिक सुरक्षा संहितेत आले आहेत, पण हक्क तोच. म्हणून औषधाचं प्रत्येक बिल नावानिशी मागा. पाच रुपयांच्या पट्टीचंसुद्धा.

चिठ्ठी वाचायला शिका

१-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा. एसओएस लिहिलं असेल तर फक्त गरज पडली तरच. ती गोळी रोज घ्यायची नसते. रिकाम्या पोटी की जेवून, किती दिवस, हे दोन प्रश्न डॉक्टरांसमोरच विचारा. राहिलं तर मेडिकलवर विचारा. तो आमचा धंदाच आहे, विचारताना संकोच नको.

रात्रपाळीवाल्यांना एक अडचण येते. सकाळी आठला रूमवर येऊन झोपायचं, तर 'सकाळची गोळी' नेमकी कधी? घड्याळ बाजूला ठेवा आणि अंतर बघा. दोनदा लिहिलेली गोळी साधारण बारा तासांनी, तीनदाची आठ तासांनी, आणि दुखण्याची गोळी असेल तर आधी पोटात दोन घास. झोपेतून उठून रिकाम्या पोटी गोळी आणि वर चहा, यानं जळजळ सुरू होते आणि मग लोक औषधच सोडून देतात.

मेडिकलच्या काउंटरवर

पूर्ण स्ट्रिप घ्यायची नसेल तर दुकानदार कापून देतो. ज्या बाजूला नाव आणि एक्सपायरी छापलेली असते ती बाजू तुमच्याकडं राहील असं कापून मागा. नुसत्या चमकत्या कागदातल्या बिननावाच्या गोळ्या पुढं कुणालाच ओळखता येत नाहीत.

स्ट्रिपवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. काहींवर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो. ती एच-वन यादीतली औषधं. २०१४ पासून ही औषधं विकताना दुकानदाराला रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावं लागतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. त्यामुळं दुकानदारानं चिठ्ठी मागितली तर तो अडवतोय असं समजू नका. चिठ्ठी न मागता जो देतो, त्याच्यापासून सांभाळून राहा.

मागच्या उन्हाळ्यात औशाकडचा एक पोरगा आला. डाव्या हाताच्या दोन बोटांना टाके, पट्टीवर काळं ग्रीस. खिशातून स्ट्रिपचा तुकडा काढून काउंटरवर ठेवला, त्यावर नावातली शेवटची दोन-तीन अक्षरं उरलेली.

"भाऊ, हेच द्या. रात्रपाळीत लई दुखायलंय."

"चिठ्ठी?"

"रूमवर हाय."

मित्राला फोन लावून चिठ्ठी आणि मूळ पाकीट मागवलं, तेव्हा उलगडा झाला. मित्राच्या कमरेच्या दुखण्यासाठी दिलेली ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉलची गोळी हा दोन दिवस घेत होता, आणि डॉक्टरांनी याला दिलेली ॲसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉलही चालूच होती. टाके असताना कामावर कसा, विचारलं तर म्हणाला, "गोळी घेतली की चार तास काही वाटत नाही की." पट्टी सोडली तर एका टाक्याभोवतीची कातडी लाल आणि गरम. तसाच रिक्षात बसवून परत दवाखान्यात पाठवला.

कोणती गोळी काय करते

पॅरासिटामॉल सगळ्यात साधं आणि योग्य प्रमाणात सगळ्यात सुरक्षित. धडधाकट मोठ्या माणसासाठी दिवसाला ४,००० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा. दारू पिणाऱ्यानं, लिव्हरचा त्रास असणाऱ्यानं किंवा वजन फार कमी असणाऱ्यानं त्याच्या बरंच खाली थांबायचं. घोळ होतो तो मिश्रणाच्या गोळ्यांमुळं. त्या औशाच्या पोराचाच हिशोब करा: डॉक्टरांच्या गोळीत ३२५, दोनदा, म्हणजे ६५०. मित्राच्या गोळीत ३२५, तीनदा, म्हणजे ९७५. अंगात कणकण वाटली म्हणून ६५० ची गोळी तीनदा घेतली असती तर १,९५० आणखी. बेरीज ३,५७५. तीन वेगळी नावं, तीन वेगळे रंग, आत औषध एकच. म्हणून पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा, नाहीतर वाचून घ्या.

डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही सूज आणि दुखणं उतरवणारी. काम चांगलं करतात, पण पोटाच्या अस्तराला आणि किडनीला त्रास देतात, बीपी वाढवतात. यातलं एकच घ्यायचं, दोन एकत्र कधीच नाही. सकाळी एका डॉक्टरांची गोळी, संध्याकाळी दुसऱ्याकडं जाऊन त्याच जातीचं इंजेक्शन, हा आपल्याकडं नेहमीचा प्रकार. सोबत दिलेली पँटोप्रॅझोल न्याहारीच्या अर्धा तास आधी, आणि दुखण्याची गोळी खाऊन. शौचाला डांबरासारखं काळं झालं किंवा उलटीत रक्त दिसलं तर गोळी थांबवून लगेच दवाखाना. दमा असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, काहींना या गोळ्यांनी धाप लागते.

अँटिबायोटिकचा कोर्स जितके दिवस सांगितला तितके दिवस घ्या. जखम कोरडी दिसली म्हणून मध्येच सोडू नका, आणि उरलेल्या दोन गोळ्या दुसऱ्याला देऊ नका. अंगावर पुरळ, ओठ सुजणं, श्वास अडकणं दिसलं की पुढची गोळी न घेता डॉक्टर गाठा. मेट्रोनिडाझोल चालू असताना आणि संपल्यावरही तीन दिवस दारूला हात लावू नका. उलट्या, धडधड, चेहरा लाल होणं असा त्रास होऊ शकतो.

स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या, नसेच्या दुखण्यासाठीची प्रीगाबालिन किंवा गाबापेंटिन, आणि ट्रॅमाडॉल यांनी गुंगी येते. ती कधी येईल हे तुमच्या हातात नसतं. या गोळ्या चालू असताना प्रेस, क्रेन, फोर्कलिफ्ट, उंचीवरचं काम आणि रात्री दुचाकीवरून येणं-जाणं बंद. ट्रॅमाडॉलवर दारू किंवा झोपेची गोळी घेतली तर श्वास मंदावून माणूस झोपेतच जाऊ शकतो. फिटचा त्रास असणाऱ्यानं आणि डिप्रेशनच्या गोळ्या घेणाऱ्यानं हे डॉक्टरांना आवर्जून सांगायचं, कारण ट्रॅमाडॉलनं फिट येऊ शकते. एप्रिल २०१८ पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं आहे. म्हणजे ते चिठ्ठीशिवाय विकत घेणं आणि मित्रांत वाटणं हा गुन्हा आहे. स्वतःसाठी लिहून दिलेलं असेल तर चिठ्ठी जवळ बाळगा.

आणि कागदाच्या पुडीत बांधून मिळणाऱ्या सुट्या गोळ्या. गावाकडं अशी पुडी खाल्ली की दोन तासांत माणूस उभा राहतो. तिच्यात बऱ्याचदा स्टेरॉईड असतं. स्टेरॉईड वाईट नाही, पण ते मोजून, ठरलेल्या दिवसांसाठी आणि हळूहळू कमी करत सोडायचं औषध आहे. नकळत आठवडेच्या आठवडे घेतलं तर साखर चढते, जखम भरायला उशीर लागतो, हाडं ठिसूळ होतात. पुडीतल्या गोळ्यांची नावं लिहून मागा. लिहून मिळत नसतील तर घेऊ नका.

गोळ्या महाग पडत असतील तर जनऔषधी केंद्रात त्याच घटकांच्या स्वस्त गोळ्या मिळतात. चिठ्ठी घेऊन जा.

आपल्याकडचं ऊन आणि पत्र्याची खोली

मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२-४३ अंशांवर जातो. भट्टीपाशी किंवा पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. घामानं शरीरातलं पाणी गेलेलं असताना डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या चालू असतील तर किडनीला पुरेसं रक्त मिळत नाही. ही जोडी मराठवाड्यात फार घातक आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. लघवी कमी होणं, गडद होणं, पाय-चेहरा सुजणं, मळमळ, यातलं काही दिसलं तर गोळी बंद करून डॉक्टरांना दाखवा. जुलाब-उलट्या होत असतील त्या दिवशीही ही गोळी घेण्याआधी विचारा. पाणी प्या, मीठ-साखर-लिंबाचं पाणी प्या, ताक प्या.

रांजणगाव, जोगेश्वरी, बजाजनगरातल्या पत्र्याच्या खोल्या दुपारी भट्टीसारख्या तापतात. औषधाच्या पाकिटावर ३० अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं असतं. खिडकीत, टीव्हीवर, बाइकच्या डिक्कीत औषध ठेवू नका. माठाजवळच्या सावलीच्या कोपऱ्यात, डब्यात झाकून, ओल लागणार नाही आणि लेकरांच्या हाती लागणार नाही असं ठेवा. कॅप्सूल चिकटल्या, गोळीचा रंग बदलला तर फेकून द्या.

डोळ्यात ठिणगी, कीस किंवा वेल्डिंगचा उजेड

वेल्डिंगचा उजेड लागलेल्या डोळ्यात रात्री वाळू घातल्यासारखं होतं, उघडत नाही. रूमवर कुणीतरी 'सुन्न करणारे थेंब' काढून देतो. एक थेंब आणि दुखणं गायब. हे थेंब डॉक्टरांनी तपासताना वापरायचे असतात. घरी पुन्हा पुन्हा घातले तर बुबुळाचा वरचा पापुद्रा भरून येत नाही आणि डोळा कायमचा अधू होऊ शकतो. लाल डोळ्यासाठी मेडिकलवरून परस्पर घेतलेल्या थेंबांत स्टेरॉईड असेल तर बुबुळावरची बुरशीची जखम झपाट्यानं पसरते. ग्राइंडिंगचा कण सहकाऱ्यानं काडीनं किंवा रुमालाच्या टोकानं काढू नये. स्वच्छ पाण्यानं डोळा धुवा, चोळू नका, आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जा.

गोळी घेऊनही दुखणं वाढत असेल तर

दुखणं ही शरीराची तक्रार आहे, ती ऐकायची असते. प्लास्टर घातल्यावर दुखणं तासागणिक वाढतंय, बोटं निळी-थंड पडली, मुंग्या येऊन बधिर झाली, बोटं सरळ केली की जीव जातो, असं असेल तर आणखी एक गोळी घेऊन सकाळची वाट बघू नका. आतल्या आत दाब वाढून स्नायू मरू लागल्याची ती खूण आहे. अशा वेळी प्लास्टर तासाभरातही कापावं लागतं. रात्रीचे दोन वाजले असले तरी घाटी, नांदेडचं विष्णुपुरी, लातूरचं किंवा अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय, जे जवळ असेल ते गाठा.

जखमेतून पू, वास, ताप, लालसर रेघ वर चढत जाणं, पिंढरी सुजून दुखणं, अचानक धाप, यासाठीही तेच. डोक्याला मार लागलेला माणूस वारंवार उलट्या करतोय, बरळतोय, उठवूनही उठत नाही, तर झोपू देणं धोक्याचं आहे.

भरून यायला लागणारे दिवस

हाताच्या बोटाच्या हाडाला तीन ते सहा आठवडे, मनगटाला साधारण सहा, नडगीच्या हाडाला तीन ते सहा महिने. शीर म्हणजे बोट हलवणारी दोरी शिवली असेल तर पट्टीतच सहा आठवडे आणि जड कामाला साधारण तीन महिने. हातावरचे टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात.

तंबाखू आणि गुटखा या दिवसांत तरी सोडा. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला वेळ लागतो, सिगारेट-बिडीचंही तेच. ज्वारीची भाकरी, वरण, शेंगदाणे, अंडी, दही जेवढं झेपेल तेवढं खा. वय पस्तीशीच्या पुढं असेल तर साखर एकदा तपासून घ्या. जखम भरत नाही म्हणून आलेल्या कित्येकांना आपल्याला साखर आहे हे तेव्हाच कळतं.

प्लास्टर निघाल्यावर बोटं आखडलेली असतात. फिजिओथेरपी सांगितली असेल तर ती औषधाइतकीच गरजेची. टाळलेला व्यायाम पुढं मुठीत पाना धरू देत नाही.

विश्रांतीला गावाकडं जायचं असेल तर ईएसआयच्या डॉक्टरांना सांगून जा, मूळ केसपेपर आणि एक्स-रे सोबत घ्या. ड्रेसिंग आणि टाके काढणं तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात होतं; ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत त्याचे पैसे लागत नाहीत. मोठं ऑपरेशन असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

सवय कशी लागते

ट्रॅमाडॉल किंवा अल्प्राझोलमसारख्या झोपेच्या गोळीची सवय लागणारा माणूस वाईट नसतो. बहुतेक वेळा तो डबल ड्युटी करणारा, घरी पैसे पाठवणारा पोरगा असतो. आधी दुखण्यासाठी, मग झोपेसाठी, मग शिफ्टला उभं राहता यावं म्हणून. एका गोळीचं काम दोनावर जातं. नाही घेतली तर अंग मोडून येतं, नाक गळतं, जुलाब लागतात, चिडचिड होते. जखम भरून आलेली असूनही चिठ्ठी नवी करून घ्यावीशी वाटत असेल तर तिथंच थांबून डॉक्टरांना खरं सांगा. या गोळ्या एकदम तोडायच्या नसतात, हळूहळू कमी करायच्या असतात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात हे होतं. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक त्रासावर मदतीचा, मोफत नंबर. रूमवरच्या मित्राचं असं काही दिसलं तर त्याला टोमणे मारू नका, सोबत जा.

ऊसतोडीला गेलेल्यांसाठी थोडं

बीड, धारूर, वडवणी, पाटोद्याहून दसरा-दिवाळीनंतर जाणाऱ्या जोड्यांना हे सगळं आणखी अवघड. फडात दवाखाना लांब, एक दिवस बसलं तर खाडा. कोयता लागला की मुकादमाकडची दुखण्याची गोळी आणि वर पट्टी. निदान एवढं करा: जखम साबण-पाण्यानं धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात घ्या, उपाशीपोटी गोळी घेऊन उन्हात उतरू नका, आणि ताप आला तर त्या दिवशी मोळी उचलू नका. गरोदर बायांनी दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये. डायक्लोफेनॅकच्या जातीच्या गोळ्या पोटातल्या बाळाला बाधतात.

परत कामावर जाताना

फोन येतो, "नुसतं बसून राहा, हजेरी लागेल." शेवटचा दाखला मिळेपर्यंत नाही म्हणा. दाखला घेताना कोणती गोळी अजून चालू आहे आणि तुमचं काम नेमकं काय आहे, हे डॉक्टरांना सांगा: किती किलो उचलता, कोणती मशीन, कोणती शिफ्ट. 'हलकं काम, अमुक आठवडे' असं लिहून मागा. ती चिठ्ठी एचआरकडं द्या आणि एक प्रत स्वतःकडं ठेवा. गुंगीची गोळी चालू असेल तर सेफ्टी ऑफिसरला लेखी कळवा. हे तुमच्यासाठी आहे आणि शेजारच्या मशीनवरच्या माणसासाठीही.

कामावर पहिल्या दिवशी गोळी न घेता हात चालवून बघा. मूठ वळतेय का, पकड टिकतेय का, दुपारपर्यंत सूज येतेय का. गोळीशिवाय शिफ्ट निघत नसेल तर अजून वेळ आहे. पुन्हा डॉक्टरांकडं जा.

बोट आखूड राहिलं, सांधा वळत नाही, डोळ्याला कमी दिसतं, असं काही कायमचं राहिलं तर ईएसआयच्या मेडिकल बोर्डासमोर तपासणीसाठी अर्ज करा. बोर्ड कमाईची क्षमता किती टक्के गेली हे ठरवतं आणि त्यावरून भरपाई ठरते. नोकरी चालू असली तरी ती मिळते. अर्जासोबत अपघात रजिस्टरचा फोटो, पहिला केसपेपर, सगळे एक्स-रे आणि शेवटचा दाखला जोडा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका.